सोनारांनीच सोनारांचं सोनं तपासावं का?

लोलक:
मावशीने लंडनहून आणलेली अंगठी गेल्या महिन्यात मोडायला काढली. सराफाने दगडावर घासून कस बघितला, तोंड वाकडं केलं आणि भरभक्कम घट धरली. मी भिंग मागून आत बघितलं. ७५० चा आकडा (हजारात ७५० भाग सोनं), शेजारी कणीएवढं बिबट्याचं तोंड (आधी मला मांजरच वाटलं). हा बिबट्या १३०० सालच्या कायद्यातला. शिक्का मारते गोल्डस्मिथ्स कंपनी, म्हणजे लंडनच्या सोनारांची श्रेणी (धंदेवाल्यांची जुनी संघटना), १३२७ ची राजसनद असलेली. 'हॉलमार्क' हा शब्दसुद्धा त्यांच्याच हॉलवरून आला.
माझं मत सरळ आहे. धंदेवाल्यांच्या संघटनेकडे तपासणी म्हणजे शेत कुंपणाच्या हवाली. आपल्याकडे निदान हॉलमार्क बघणारा भारतीय मानक ब्यूरो सरकारी आहे.

रतीगुंज:
कुंपण आठवलं, मग सोनारानेच कान टोचावेत हे का नाही आठवलं? हिणकस माल ओळखणार कोण, कारकून?
आधी श्रेणीचे वॉर्डन, म्हणजे पदाधिकारी, दुकानोदुकानी फिरून माल बघत. १४७८ मध्ये त्यांनी पगारी परीक्षक नेमला, माल हॉलवर आणायला लावला आणि शिक्क्यात दरवर्षी बदलणारं एक अक्षर घातलं. ते गिऱ्हाइकासाठी नव्हतंच मुळी. पुढे माल खोटा निघाला तर त्या वर्षी परीक्षक कोण होता हे कळावं, म्हणून. आपला एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्यावरचा वेगळा सहा अक्षर-अंकी क्रमांक, २०२१ मध्ये आला. माग ठेवायची कल्पना तीच.
आणि ब्यूरो स्वतः कुठे तपासतो? मान्यता दिलेली केंद्रं तपासतात, त्यातली बहुतेक खासगी, आणि फी सराफच भरतो. तिकडे तर उलटं आहे. ब्रिटिश टांकसाळ आपली नाणी दरवर्षी याच सोनारांच्या ज्यूरीपुढे ठेवते. 'ट्रायल ऑफ द पिक्स' म्हणतात, १३ व्या शतकापासूनची रीत. सरकारचा कस सोनार लावतात, बोला!

टेम्सकाठी:
मी इथेच राहते. तपासणीबद्दल रतीगुंजचं पटतं. ती १९७३ च्या कायद्याने चालते, बर्मिंगहॅम, शेफील्ड आणि एडिनबरालाही कचेऱ्या आहेत, वर हॉलमार्किंग परिषदेची देखरेख आहे. माझं भांडण बाकीच्या थाटाशी. सिटीत, म्हणजे लंडनच्या जुन्या गाभ्यात, अशा वेगवेगळ्या धंद्यांच्या शंभरावर कंपन्या आहेत. लॉर्ड मेयरसाठी दोन नावं पुढे पाठवायचा हक्क त्यांच्या लिव्हरीवाल्यांना, म्हणजे वरच्या दर्जाच्या सभासदांना. आणि त्यात शिरायला त्या धंद्यात असावंच लागतं असं नाही. उमेदवारी करून जाता येतं, तसं वडिलांच्या वारशाने जाता येतं आणि पैसे भरूनही. धनुष्य करणाऱ्यांची कंपनी आहे, बाण करणाऱ्यांची वेगळी आहे. लढाया कधीच्या बंदुकीवर गेल्या, जेवणावळी चालूच.

पेठकर:
जेवोत की! धंदा शिकवायचे पैसेही तेच देतात. सिटी अँड गिल्ड्स ही तांत्रिक शिक्षणाची संस्था १८७८ मध्ये सिटीने आणि सोळा कंपन्यांनी मिळून काढली. सोनारांनी लंडनमध्येच न्यू क्रॉसला १८९१ मध्ये संस्था उघडली, १९०४ मध्ये लंडन विद्यापीठाला देऊन टाकली. क्लर्कनवेलला त्यांच्या केंद्रात आजही पोरं बाकावर बसून कानस चालवायला शिकतात. आपल्या सराफ कट्ट्यावर पुढची पिढी कारागिरीत यायला तयार नाही, तिथे कोण काय करतंय?

लोलक:
१८७८ ची दानत कुठून आली तेही सांगा. कंपन्यांच्या इस्टेटींवर ओरड चालू होती. १८८० मध्ये शाही चौकशी आयोग बसलाच.

मुद्दल_व्याज:
विषय जरा नाशिककडे वळवतो. पांडवलेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवले, कायमची ठेव म्हणून. २००० एकीकडे दरमहा शेकडा एक दराने, १००० दुसरीकडे पाऊण दराने. व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंना चीवराचे, म्हणजे वस्त्रांचे, पैसे. म्हणजे राजाच्या जावयाने विश्वास टाकला तो धंदेवाल्यांच्या संघटनेवर. लोलक, तुमच्या हिशेबाने त्यानेही कुंपणावरच टाकला.
आज त्या श्रेणी नाहीत, दगडावर व्याजदर तेवढा उरलाय. लंडनवाले उरले ते शिक्क्यामुळे. जेवणावळींनी कोणी सात शतकं टिकत नाही.

टेम्सकाठी:
धनुष्यवाले टिकलेत की, शिक्क्याशिवाय.
लोलक, अंगठीत वर्षाचं अक्षर आहे का? १९९९ पासून ते ऐच्छिक आहे.

लोलक:
आत्ता पुन्हा भिंग लावून बघितलं. अक्षर आहे, पण निम्मंच. बोटात बसेना म्हणून मावशीने इथल्याच कारागिराकडून अंगठी वाढवून घेतली होती, सांधा नेमका अक्षरावर आलाय. सराफाने घट धरली ती बहुतेक त्या झाळेची. तेव्हा उगाच भांडलो त्याच्याशी.