गच्ची रिकामी करायची आहे, कुंड्यांतले हिरवे टोमॅटो घरात पिकतील का?

कुंडीकट्टा (ठाणे, घोडबंदर रोड)

सोसायटीच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंग निघालंय. पुढच्या रविवारपर्यंत सगळ्या ग्रो बॅग हलवा, अशी नोटीस लागली आहे. ऐन डिसेंबरात, फळं धरलेली असताना! जाड सालीच्या संकरित टोमॅटोची चार झाडं आणि चेरी टोमॅटोची दोन. सगळं मिळून पाचेक किलो फळ असेल, पण लाल झालेली मोजकीच. बाकी हिरवीगार, काही सुपारीएवढी, काही लिंबाहून मोठी. घर दुसऱ्या मजल्यावर, बाल्कनी उत्तरेला, ऊन जवळजवळ नाहीच. झाडं घरात आणणं शक्य नाही.

कुठली फळं घरात पिकतील आणि कुठली नाही, हे ओळखायचं कसं? खिडकीत ठेवायची की कागदात गुंडाळून? लाल होऊनही पाणचट लागतात ते का? आणि सगळी एकदम पिकू नयेत, जानेवारीअखेरपर्यंत पुरवून खाता यावीत, असं काही करता येईल का?

---

नेरूळचा_माळी

पद्धत नंतर, आधी फळं निवडा. टोमॅटो आंब्यासारखाच तोडल्यावर पिकतो, पण पाडाला आलेला असला तरच. आकारावर जाऊ नका. चेरी सुपारीएवढीच असते आणि तरी तयार असते, संकरित फळ लिंबाएवढं होऊनही कोवळं असू शकतं.

पाडाला आलेल्या फळाचा गडद हिरवा रंग जाऊन पोपटी, पांढुरकी छटा येते, साल चकाकते आणि बुडाशी फिकट चांदणी उमटते. नख हलकेच फिरवलं तर साल खरवडली जात नाही. खात्री करायची असेल तर त्याच झाडाचं, त्याच मापाचं एक फळ आडवं कापा. बियांभोवती बुळबुळीत गर झाला असेल आणि बिया सुरीखालून निसटत असतील, तर तशी बाकीची फळं पिकतील. बिया फळाबरोबर चिरल्या गेल्या, आतून कोरडं घट्ट निघालं, तर ती फळं खोक्यात नुसती सुरकुततील, फार तर पिवळट होतील. त्यांचा नाद सोडा, भाजीत घाला.

तोडायला सगळ्यात उत्तम फळ म्हणजे बुडाशी पहिली पिवळसर-गुलाबी छटा आलेलं. झाडाकडून जी साखर मिळायची ती तोवर बहुतेक मिळालेली असते, म्हणून पुढे घरात पिकवलं तरी चवीत फारसा फरक पडत नाही. लांबच्या बाजाराला माल पाठवणारे शेतकरीही याच सुमाराला तोडणी करतात. येऊरच्या पायथ्याला ज्यांच्या गच्चीवर माकडं येतात, त्यांनी तर वॉटरप्रूफिंग असो वा नसो, दरवर्षी असंच तोडावं. लाल होईपर्यंत थांबलं की फळ आपलं राहत नाही.

हातात आठवडा आहे तो वापरा. आजच शेंडे खुडा. फुलं आणि वाटाण्याएवढी फळं काढून टाका. झाडाचा जोर मग उरलेल्या फळांकडे जाईल. पाणी निम्म्यावर आणा, पण माती ठणठणीत कोरडी करून मग एकदम बादलीभर पाणी ओतू नका, फळं तडकतात. खत पूर्ण बंद. पानं मात्र ओरबाडू नका, उघड्या पडलेल्या फळावर उन्हाचे पांढरे चट्टे येतात.

तोडणी दोन टप्प्यांत करा: छटा आलेली फळं रोज, बाकीची शनिवारी. सकाळी दव वाळल्यावर. टोमॅटोच्या देठावर मध्येच एक गाठ असते. तिच्यावर अंगठा दाबून फळ वर उचललं की कट्कन सुटतं. मग उरलेला देठ कात्रीने फळालगत कापा. तो टोकदार तुकडा शेजारच्या फळाला टोचला की कुज तिथूनच सुरू होते.

फळं धुऊ नका. मातीचे शिंतोडे असतील तर ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली पूर्ण कोरडी होऊ द्या.

---

बेलापूर_बाल्कनी

माळीबुवांनी निवड सांगितली, मी पुढचं सांगते.

खिडकी विसरा. पिकायला ऊन लागत नाही, लागतं ते योग्य तापमान. टोमॅटोचा लाल रंग म्हणजे लायकोपीन. ते २० ते २५ डिग्रीत छान तयार होतं आणि ३० च्या वर जवळजवळ थांबतं. पिवळं कॅरोटीन मात्र त्या उष्णतेतही बनत राहतं आणि फळ मऊही होत राहतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचे टोमॅटो झाडावरसुद्धा नारिंगी राहून पिलपिलीत होतात, त्याचं कारण हेच. उन्हात तापलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर डिसेंबरातही दुपारी तीच गत होते. तुमची उत्तरेची बाजू या कामाला उलट फायद्याची आहे.

खालच्या बाजूलाही मर्यादा आहे. १० डिग्रीच्या खाली काही दिवस राहिलेलं हिरवं फळ पुढे कितीही ठेवा, नीट पिकत नाही. डागाळतं, खड्डे पडतात, मग काळी बुरशी धरते. म्हणून हिरवी फळं फ्रिजमध्ये कधीही नाही, अगदी भाजीच्या कप्प्यातही नाही.

खोक्याची कृती:

पुठ्ठ्याचा बसका खोका घ्या, आंब्याच्या पेटीएवढा. चारही बाजूंना बोट जाईल अशी एकेक-दोनदोन भोकं पाडा. तळाला वर्तमानपत्राचे दोन थर. फळं देठाची बाजू खाली करून, एकमेकांना न टेकवता, एकाच थरात मांडा. फळातला ओलावा मुख्यतः देठाच्या खाचेतून जातो. ती बाजू कागदावर टेकलेली असली की सुरकुत्या कमी पडतात. वरून एक कागद आणि सैल झाकण. प्रत्येक फळ वेगळं गुंडाळलं तर कुज पसरत नाही हे खरं, पण मग रोज पाच किलो पुड्या सोडून बघायचा कंटाळा येतो, आणि न बघितलेला खोकाच नासतो. मी म्हणेन, गुंडाळू नका.

खोके तीन करा: छटा आलेली, पाडाला आलेली हिरवी, आणि शंका असलेली. एकत्र ठेवली तर पिकत्या फळांच्या इथिलीन वायूने बाकीचीही एकदम पिकतात, आणि तुम्हाला तर पुरवून खायची आहेत.

जागा: उत्तरेकडच्या खोलीत पलंगाखाली, फरशीवर. माळ्यावर नको, गरम हवा वर साचते. फ्रिजच्या डोक्यावर नको, गॅसच्या ओट्याजवळ नको. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको. आत घाम धरतो आणि दोन दिवसांत बुरशी.

आता जानेवारीअखेरचं. ते होणार नाही, हे आधीच सांगते. हिमवर्षावाच्या देशांत लोक गोठण्याआधी हिरवे टोमॅटो उतरवून तळघरात १२-१३ डिग्रीत ठेवतात आणि ते महिनाभर सावकाश पिकत राहतात. ठाण्यात पहाटे पारा १६-१८ पर्यंत उतरला तरी दुपारी ३० च्या आसपास जातो, आणि सावलीतल्या खोलीत २५-२६ धरून चाला. या तापमानाला छटा आलेलं फळ चार-पाच दिवसांत खायला येतं, पाडाला आलेलं हिरवं आठ ते चौदा दिवसांत. ताणून ताणून तीन आठवडे. त्यापुढे हवे असतील तर पिकलेल्यांची प्युरी करून फ्रीजरमध्ये.

---

कुंडीकट्टा

दोघांचेही आभार. एक फळ कापून बघितलं, लिंबाएवढ्यात बिया सुटत आहेत, सुपारीएवढ्यात चिरल्या जात आहेत. चेरी मात्र त्याच मापाची असून गर झालेला आहे.

तीन शंका. आई म्हणते तांदळाच्या डब्यात घाल. शेजारच्या काकू म्हणतात सोबत केळं ठेव. आणि एका व्हिडिओत झाड मुळासकट उपटून उलटं टांगलेलं दाखवलंय. यातलं काय करू?

---

नेरूळचा_माळी

तांदूळ: वायू कोंडला जातो, त्यामुळे फळ पिकतं, आई चुकत नाहीत. पण टोमॅटोची साल आंब्याएवढी दणकट नाही. डब्यात एक जरी फुटला तरी तांदूळ ओला होऊन वास धरतो, आणि आत काय चाललंय ते दिसतही नाही. आंब्याला ठीक, टोमॅटोला नको.

केळं: काकूंचं बरोबर, पण सगळ्या खोक्यांत नको. छटा आलेल्या फळाला बाहेरच्या इथिलीनची गरजच नसते, ते स्वतः वायू सोडायला लागलेलं असतं. पाडाला आलेल्या हिरव्यांतली जी आधी हवी असतील ती वेगळी काढा, किलोभर फळांना ठिपके पडलेलं एक पिकलं केळं कागदी पिशवीत सोबत ठेवा, तोंड नुसतं दुमडा. दोन-तीन दिवसांनी केळं काढून घ्या, नाहीतर चिलटं होतात. पिकायचा वेळ चारेक दिवसांनी कमी होईल. चव वाढत नाही, आणि कोवळ्या फळाला केळ्याने पाड येत नाही.

कुणी पुडी टाकायला सुचवलीच तर ऐकू नका. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवण्यावर आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात.

झाड टांगणं: गोठणाऱ्या थंडीच्या ठिकाणी गॅरेजमध्ये ते सोयीचं पडतं. फ्लॅटमध्ये पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण घरभर होतील, वाळलेल्या पानांचा चुरा वेगळाच. फार तर चेरीचे अख्खे घोस कापून बाल्कनीत सावलीला दोरीवर टांगा. चेरी सुटी करून ठेवली की देठाशी लवकर सुकते, घोसात बरी राहते.

---

खारघर_हिरवाई

खोका लावून झाल्यावर काय बिघडतं, ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय. दिवसातून एकदा कागद उचलून बघा, आणि नुसतं वरून नाही, फळ उलटून देठाची बाजू बघा.

देठाच्या खाचेत पांढरा किंवा काळा कापूस: ओल राहिली. ते फळ आणि त्याखालचा कागद दोन्ही बाहेर.

देठाच्या पाकळ्यांखाली टाचणीच्या टोकाएवढी भोकं: टोमॅटोची नागअळी. ही बाहेरून आलेली कीड, आपल्याकडे तिची पहिली नोंद २०१४ ची, पुण्याची. मोठं गोल भोक आणि बाजूला विष्ठा असेल तर फळ पोखरणारी अळी. दोन्ही फळं तोडतानाच बाजूला काढा, अळी एका फळातून दुसऱ्यात जाते.

तपकिरी, तेलकट दिसणारे पण हाताला टणक डाग: करपा. यात दयामाया नको. ज्या झाडाच्या पानांवर करपा आहे त्याची फळं स्वच्छ दिसली तरी वेगळ्या खोक्यात ठेवा. डाग पाच-सहा दिवसांनीही उमटतात.

बुडाशी चामड्यासारखा काळा चट्टा: ही बुरशी नाही. पाणी कमी-जास्त झालं की फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, त्याची खूण. गंमत अशी की हीच फळं सगळ्यांच्या आधी लाल होतात आणि आपण खूश होतो. चट्टा कापून उरलेलं फळ लगेच वापरा, साठवू नका.

देठाकडचे खांदे पिवळे आणि टणक: वाढताना ऊन जास्त लागलं किंवा पालाश (पोटॅश) कमी पडलं. कितीही थांबा, तो भाग लाल होत नाही. बाकीचं फळ मऊ झालं की वापरायला घ्या.

पाणचट चवीचं उत्तर यातच आहे. तोडल्यावर फळात नवी साखर येत नाही, असलेला आंबटपणा तेवढा उतरतो. कोवळं तोडलेलं फळ रंग धरेल, चव धरणार नाही. दुसरं कारण फ्रिज. गारठ्याने टोमॅटोचा वास जातो आणि चवीत निम्मं काम वासाचंच असतं. पूर्ण लाल झालेलं जास्त असेल तर तीन-चार दिवस फ्रिजमध्ये चालेल, पण कोशिंबिरीला घ्यायच्या काही तास आधी बाहेर काढून ठेवा. आमटी-सारात घालायचं असेल तर एवढं बघायची गरज नाही.

खोका काकडी आणि पालेभाजीपासून लांब ठेवा, वायूने त्या पिवळ्या पडतात.

---

बेलापूर_बाल्कनी

बिया चिरल्या गेलेल्या फळांपैकी अगदी टणक गोट्या फेकून द्या. कोवळ्या फळात टोमॅटिन हे थोडं विषारी द्रव्य जास्त असतं, कडवट लागतं. पानं-देठ तर खायचेच नाहीत. जरा मोठी हिरवी फळं चटणीला घ्या: अर्धा किलोच्या जाडसर फोडी, सहा-सात हिरव्या मिरच्या, आठ लसूण पाकळ्या दोन चमचे तेलात, झाकण न ठेवता पाणी आटेपर्यंत परता. झाकलं की पाणी सुटून चटणी सैल होते. गार झाल्यावर अर्धी वाटी भाजलेले दाणे, दोन चमचे भाजलेले तीळ, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालून भरड वाटा, एकदम गंधासारखी मऊ करू नका. वरून मोहरी-हिंगाची फोडणी. गुळात कसूर करू नका, हिरव्या टोमॅटोचा आंबटपणा बोचरा असतो. भाकरीबरोबर घ्या, फ्रिजमध्ये चार दिवस टिकते.