विलीज स्टेशन वॅगनचं दाराचं हँडल नव्याने ओतून घ्यायचंय. कशात आणि कसं?

जुनीविलीज

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९५२ ची विलीज स्टेशन वॅगन आहे, फोर व्हील ड्राइव्हवाली. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस सगळं मार्गी लागलंय. अडलंय ते ड्रायव्हरच्या दाराच्या बाहेरच्या हँडलवर. हे फिरवायचं हँडल आहे, चौकोनी शाफ्टवर बसणारं. शाफ्ट जिथून निघतो त्या मानेतच ते मोडलं. दुसऱ्या दाराचं शाबूत आहे, पण क्रोमवर फोड आलेत आणि बोटाला खड्डे लागतात.

मूळचं मिळत नाही, आणि कुठे दिसलंच तर ते माझ्या शाबूत हँडलाइतकंच जुनं आणि थकलेलं असतं. एक नक्कल मागवून बघितली. फोटोत छान होती. हातात घेतल्यावर कळलं की बाक चुकलाय, वजन निम्मं आहे आणि शाफ्ट खुळखुळतो. हँडल आधी रिकामं फिरतं आणि मग कुठे लॅच (दार अडकवून ठेवणारी आतली खिट्टी) हलतो. या गाडीचं दार उघडताना हाताला जो भरीवपणा लागतो तो त्यात अजिबात नाही, आणि मला तोच परत हवाय.

म्हणून शाबूत हँडलावरून नवीन जोडी करून घ्यायचं ठरवतोय. पितळ, कासं, ॲल्युमिनियम की स्टेनलेस? जुन्या हँडलाचाच साचा घेतला तर चालेल का? शाफ्टचं काय करायचं? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

चारहीचाकं

थ्रीडी स्कॅन करून घ्या. जुन्या हँडलाला धक्का न लावता फाइल हातात येते, फोड-खड्डे संगणकावरच बुजवता येतात, आणि डावं-उजवं वेगळं असेल तर एकावरून दुसरं उलटवून मिळतं. आधी साध्या प्लास्टिकमध्ये प्रिंट काढून दारावर बसवून बघा. बाक, पत्र्यापासूनचं अंतर, बोटं आत जातात का, सगळं लगेच कळतं. फक्त ते प्लास्टिक कायमचं ठेवू नका. पीएलए, म्हणजे प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक, साधारण ६० अंशांना मऊ पडतं, आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा तेवढा सहज तापतो.

थेट स्टेनलेसमध्येही प्रिंट निघतं, पण पृष्ठभाग खरखरीत येतो. तो आरशासारखा करायला इतकं घासावं लागतं की कडा जातात.

---

पॅटर्नवाला

ओतकामासाठी पॅटर्न, म्हणजे नमुने, बनवण्यात माझं आयुष्य गेलंय, म्हणून थोडं लांब लिहितो.

सगळ्यात आधी, हँडल कशामुळे मोडलं ते बघा. लॅच जड झाला की माणूस नकळत हँडलवर जोर लावतो, आणि तो सगळा जोर मानेत येतो. दाराचं आतलं पॅनेल काढा, लॅच बाहेर घ्या, घट्ट झालेलं ग्रीस रॉकेलने धुवा, स्प्रिंग तपासा. बिजागऱ्यांच्या पिना झिजून दार खाली बसलं असेल तर लॅच स्ट्रायकरवर (चौकटीवरच्या, लॅच अडकतो त्या तुकड्यावर) घासून अडतो, तेही दुरुस्त करा. हँडल दोन बोटांनी फिरलं पाहिजे. हे झाल्याशिवाय ओतकामाला हात घालू नका. जुनं हँडल आजवर फ्यूजचं काम करत होतं. ते दणकट केलंत की तोच जोर लॅचच्या आतल्या भागांवर जाईल, आणि ते भाग मिळवणं हँडलाहून अवघड आहे.

आता धातू. तुमचं हँडल बहुधा जस्ताचं डायकास्ट, म्हणजे पोलादी साच्यात दाबाने ओतलेलं, आहे. खात्री करायची तर मोडका तुकडा वजन करा आणि पाण्यात बुडवून त्याचं आकारमान काढा. घनता ६.६ च्या आसपास आली तर जस्त, ८.५ च्या आसपास आली तर पितळ. जस्तात शिसं किंवा कथील मिसळलेलं असेल तर वर्षानुवर्षं ते आतून कणाकणाने सुटत जातं, फुगतं, तडकतं, आणि त्याला इलाज नाही. १९२९ मध्ये अतिशुद्ध जस्ताचे झमॅक मिश्रधातू आले तेव्हापासून हा रोग बराच कमी झाला. तरी मानेजवळ भिंगातून बारीक तडे शोधा. तडे असतील तर ते हँडल गाडीवरून काढून फक्त नमुना म्हणून जपा.

नवीन हँडल मी सिलिकॉन ब्राँझमध्ये, म्हणजे सिलिकॉनवाल्या काशात, ओतेन. साधारण ९५ टक्के तांबं, ४ टक्के सिलिकॉन, थोडं मँगनीज. वितळल्यावर छान वाहतं, बारीक कडा भरतात, पॉलिश सुरेख येतं. कागदावर त्याची ताकद झमॅकपेक्षा फार जास्त नाही. फरक असा की ब्राँझ तुटण्याआधी वाकतं, म्हणजे ते इशारा देतं. पितळही चालेल. ॲल्युमिनियम मात्र नको: हाताला हलकं लागेल, तुम्हाला हवा तो भरीवपणा येणार नाही, आणि त्यावर क्रोम धरवणं किचकट.

पद्धत लॉस्ट वॅक्स: मेणाच्या नमुन्यावर साचा चढवायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. इथे बहुतेकांचं माप चुकतं ते आकसण्यात. जुन्या हँडलावरून सिलिकॉन रबरचा साचा काढला, त्यात मेण ओतलं, तर मेण सुमारे १ टक्का आकसतं आणि नंतर धातू आणखी दीड ते दोन टक्के. १२० मिमी लांबीचं हँडल तीन-साडेतीन मिमी आखूड येतं. लांबीतला फरक डोळ्याला कळणार नाही कदाचित, पण दाराच्या चकतीवर बसणारा गोल भाग सैल होतो, आणि त्या नकलेत तुम्हाला जे खटकलं ते सगळं परत येतं. म्हणून चारहीचाकं यांचं स्कॅन पटतं. फाइल २ टक्क्यांनी मोठी करा, जळून जाणाऱ्या रेझिनमध्ये प्रिंट काढा आणि त्यावरच साचा चढवा. मेणाची पायरी गेली, म्हणजे तिचं आकसणंही गेलं. नेमका आकडा मात्र ओतणाऱ्याला विचारा, कारण तो त्याच्या धातूवर आणि साच्यावर ठरतो.

स्कॅनमध्ये खड्डे बुजवताना बाकाला हात लावू नका, ही विनंती. डिझायनर ब्रुक्स स्टीव्हन्सने या गाडीचा पत्रा मुद्दाम सपाट आखला, खोल दाबावा लागू नये म्हणून. एवढ्या सरळ दारावर हँडल ही मोजक्या गोल वस्तूंपैकी एक आहे. त्याचा बाक जरा चपटा झाला तरी अख्खं दार परकं दिसतं.

शाफ्ट हँडलाबरोबर ओतू नका. तो स्टीलचा वेगळा करायचा. हँडल भरीव ओतून घ्या, लेथवर मध्य धरून गोल भोक पाडा. चौकोनी बारचं एक टोक गोल करून त्यात दाबून बसवा, खालच्या बाजूने आडवी पिन मारा, वर चांदीचं ब्रेझिंग करा, म्हणजे चांदीच्या मिश्रधातूने सांधा जोडा. हे सगळं प्लेटिंगच्या आधी. शाफ्टचं माप व्हर्नियरने घ्या. गाडी अमेरिकन आहे, माप इंचात असणार. ५/१६ इंच निघालं तर ते ७.९४ मिमी होतं. ८ चा बार लॅचमध्ये शिरणार नाही, आणि कानशीने ओबडधोबड उतरवलात तर पुन्हा खुळखुळ सुरू.

---

निकेलक्रोम

प्लेटिंगबद्दल थोडंसं. तुमची गाडी १९५२ ची, म्हणजे कोरियन युद्धाच्या काळातली. तेव्हा अमेरिकेत निकेलच्या वापरावर निर्बंध होते, आणि त्या दोन-तीन वर्षांतल्या बऱ्याच गाड्यांच्या चकचकीत भागांवर निकेलचा थर पातळ किंवा नव्हताच. त्यामुळे फोड आले म्हणजे आतला धातू सडलाच असं समजू नका. तडे नसतील तर शाबूत हँडल वाचवण्यासारखं असू शकतं.

क्रोमचा थर एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. चमक आणि गंजापासूनचं संरक्षण खालच्या निकेलचं. तांब्याचा थर, त्यावर निदान २० ते ३० मायक्रॉन निकेल, मग क्रोम, असं स्पष्ट सांगून करून घ्या. प्लेटिंग ओरखडे लपवत नाही, उलट उठवून दाखवतं, म्हणून बफिंग पूर्ण झाल्याशिवाय देऊ नका. शाफ्ट आणि चकतीत फिरणारा भाग झाकून घ्यायला सांगा. दोन्ही बाजूंनी थर चढला की माप वाढतं आणि नेमकी बसणारी वस्तू अडकायला लागते.

हे घरी करायच्या फंदात पडू नका. क्रोमचं द्रावण घातक असतं, सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक आहे.

---

जुनीविलीज

सगळ्यांचे मनापासून आभार. पॅटर्नवाला दादा, पॅनेल काढून बघितलं. तुम्ही म्हणालात तसंच, लॅचमध्ये ग्रीसचा दगड झालाय आणि वरच्या बिजागरीची पिन झिजलीय. आधी तेच काम घेतो. शाफ्ट ५/१६ च निघाला. शाबूत हँडलाच्या मानेत भिंगाखाली एक केसासारखा तडा दिसतोय, म्हणजे तेही उतरवावं लागणार.

दोन शंका. ओततानाच चार-पाच जास्त करून इतर विलीजवाल्यांना द्यावीत का? आणि गाडीवर चढवण्याआधी तपासायचं कसं?

---

पॅटर्नवाला

जरूर करा. मेणाच्या एकाच झाडावर, म्हणजे सामाईक दांड्यावर, अनेक हँडलांचे रेझिन प्रिंट बसतात, साचा एकच तापवायचा असतो, कष्ट जवळपास तेवढेच. धातू आत शिरायची वाट मागच्या, पत्र्याकडच्या बाजूला ठेवायला सांगा, म्हणजे घासलेली खूण दिसत नाही. मानेत मात्र ती नको, तिथे पोकळी राहायची भीती असते. आणि प्रत्येकाच्या मागे तुमची खूण आणि साल कोरा. कंपनीचा शिक्का त्यावर घेऊ नका. उद्या कुणी गाडी विकत घेईल, त्याला हँडल मूळचं की नवं हे कळायलाच हवं.

तपासणी प्लेटिंगच्या आधी करा. शाफ्ट व्हाइसमध्ये धरा, हँडलाच्या टोकाला हाताने पूर्ण जोर द्या, दोन्ही दिशांना. पिनेजवळ हालचाल जाणवली किंवा ब्रेझिंगची रेघ उघडली तर ते बाजूला काढा. ओतलेल्या हँडलांतला एखादा नग मानेत मधोमध कापून आत पोकळी आहे का तेही बघा. कापलेला स्वच्छ निघाला तर त्याच झाडावरच्या बाकीच्यांवर भरवसा ठेवता येतो. केसासारखा तडा असलेलं जुनं हँडल तोवर वापरू नका, त्या दाराने आतूनच उघडझाप करा. स्कॅन व्हायच्या आधी ते मोडलं तर नमुना जाईल.