ग्रुप क्वोटा लावला तरी फोल्डर फुगतच चाललाय (उबुंटू, एक्स्ट४, सांबा)

दांडियाबाजार:

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या कॅटलॉग-डिझाइनच्या ऑफिसातला फाइल सर्व्हर आहे. उबुंटू २२.०४, २ टीबीची एक डेटा डिस्क, एक्स्ट४ फाइलसिस्टिम, /डेटा वर माउंट केलेली (जोडलेली). १८ माणसं, सगळी विंडोजवरून सांबानं (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला दाखवणारा प्रोग्रॅम) येतात. ग्रुप तीन: डिझाइन, फोटो, हिशेब. नवरात्राच्या आधी चणियाचोळीची शूट सुरू झाली की डिस्क भरते, म्हणून यंदा वेळेत क्वोटा (जागेच्या वापरावर मर्यादा) लावायला घेतला.

केलं ते असं. एफस्टॅबमध्ये (डिस्का कशा जोडायच्या त्याची फाइल) यूएसआरक्वोटा आणि जीआरपीक्वोटा टाकून रीमाउंट, मग क्वोटाचेक (आत्तापर्यंतचा वापर मोजणारी कमांड), मग क्वोटाऑन. डिझाइन आणि हिशेबवाल्यांना प्रत्येकी सॉफ्ट (काही दिवस ओलांडता येते ती मर्यादा) १५ जीबी, हार्ड (जिथे थेट अडतं ती) २० जीबी, फाइलसंख्येवर सॉफ्ट १५,००० आणि हार्ड २०,०००. फोटोच्या चौघांवर वैयक्तिक मर्यादा नाही, त्याऐवजी फोटो ग्रुपला मिळून हार्ड ६०० जीबी.

आता अडचणी तीन:

फोटोचा फोल्डर डीयूप्रमाणे (फोल्डराचा आकार मोजणारी कमांड) ७१० जीबी झालाय, तरी कुणाला काही अडत नाही. रेपक्वोटा (क्वोटाचा अहवाल देणारी कमांड) म्हणतो की फोटो ग्रुपचा वापर ४ जीबी.

एका डिझायनरचे जेमतेम ७ जीबी भरलेत, पण नवी फाइल सेव्ह होत नाही. विंडोजमध्ये जागा शिल्लक दिसते. जुन्या फाइलमध्ये बदल करून सेव्ह केलं तर होतं!

हिशेबातल्या एकानं ९ जीबीचं जुनं सामान डिलीट केलं, त्याचा आकडा तसूभर हलला नाही.

क्वोटाच बिघडलाय का? सगळं काढून परत लावू?

सूरसागर:

काढू नका, क्वोटा बरोबर मोजतोय. तुम्ही जे मोजायला सांगितलं असं तुम्हाला वाटतंय, ते तो मोजत नाही, इतकंच.

ग्रुप क्वोटाला कोण कुठल्या ग्रुपचा सभासद आहे याच्याशी काही देणंघेणं नाही, आणि फाइल कुठल्या फोल्डरात पडलीय याच्याशीही नाही. तो प्रत्येक फाइलच्या अंगावरचा ग्रुप बघतो आणि त्याच्या खात्यावर बिल लावतो. फोटोच्या फोल्डरात जाऊन एलएस -एल मारा आणि तिसरा-चौथा रकाना वाचा. तिथे 'फोटो३ फोटो३' असं दिसेल. उबुंटू नवा यूझर करताना त्याच्याच नावाचा एक ग्रुप करतं आणि तोच त्याचा मुख्य ग्रुप असतो. त्यामुळे ७०६ जीबी त्या चार खाजगी ग्रुपांच्या नावावर गेले, ज्यांवर मर्यादाच नाही. जे ४ जीबी दिसतात ते कुणीतरी हातानं ग्रुप बदललेले असणार.

दुरुस्त करायचं असेल तर क्रम सांभाळा. आधी मर्यादा वाढवा, मग ग्रुप बदला. उलटं केलंत तर सीएचजीआरपी -आर (कॅपिटल; आतल्या सगळ्याचा ग्रुप बदलणारी कमांड) संपताक्षणी ग्रुपचा वापर ७१० आणि हार्ड लिमिट ६००. सीएचजीआरपी रूट (सर्वाधिकारी यूझर) म्हणून चालत असल्यामुळे त्याला कुणी अडवणार नाही, पण त्यानंतर फोटोवाल्यांची एकही फाइल लिहिली जाणार नाही. सेटक्वोटा -जी फोटो, आणि पुढे आकडे याच क्रमानं: ब्लॉक सॉफ्ट, ब्लॉक हार्ड, आयनोड (म्हणजे फाइलसंख्या) सॉफ्ट, आयनोड हार्ड, शेवटी /डेटा. ब्लॉक इथे १ केबीचा. म्हणजे ७५० जीबी सॉफ्ट = ७८६४३२०००, ८०० जीबी हार्ड = ८३८८६०८००, आयनोड ० आणि ०. शून्य म्हणजे मर्यादा नाही. हल्लीच्या क्वोटा-टूल्समध्ये ७५०जी असंही चालतं, पण शून्यं मोजण्यात चूक झाली की ८०० जीबीचे ८० होतात, म्हणून मागाहून रेपक्वोटा -जी -एस नं वाचून घ्याच.

मग सीएचजीआरपी -आर फोटो. हिशेब लगेच इकडचा तिकडे होतो, क्वोटाचेक पुन्हा चालवायची गरज नाही. पुढच्या फाइलींसाठी फोल्डरांवर सेटजीआयडी (आतल्या नव्या फाइलीला फोल्डराचाच ग्रुप देणारी खूण) लागतो: फाइंडनं -टाइप डी देऊन फक्त डिरेक्टऱ्या निवडा आणि त्यांवर सीएचमॉड जी+एस. सरसकट -आर नं फाइलींवर लावू नका. सांबाच्या सेटिंगच्या फाइलीत त्या शेअरखाली 'फोर्स ग्रुप = +फोटो' लिहा. अधिकाचं चिन्ह असलं की जो आधीच फोटो ग्रुपात आहे त्यालाच तो ग्रुप लागू होतो, बाकीच्यांना फुकट प्रवेश मिळत नाही.

आणि त्याच फाइलीत 'फोर्स यूझर' अशी ओळ कुठे आहे का बघा. तिथे रूट असेल तर सगळा क्वोटा धाब्यावर, कारण रूटला हार्ड लिमिट लागत नाही. दुसरं कुठलं एकच नाव असेल तर सगळ्यांच्या फाइली त्या एकाच्या खात्यावर चढतात.

लहरीपुरा:

पहिल्याचं सूरसागर यांनी सांगितलंच आहे. दुसरं आणि तिसरं माझ्याकडून.

डिझायनरची रेपक्वोटामधली ओळ साधारण अशी दिसत असेल:

ग्राफिक४ -+ ७३४००३२ १५७२८६४० २०९७१५२० २०००० १५००० २००००

नावानंतरची ती दोन चिन्हं कुणी बघतच नाही आणि सगळं तिथेच लिहिलेलं असतं. पहिलं चिन्ह जागेसाठी, दुसरं फाइलसंख्येसाठी. '-+' म्हणजे जागा ठीक, फाइली जास्त. त्यांचे २०,००० आयनोड संपलेत. म्हणून नवी फाइल जन्माला येत नाही, पण आहे ती फाइल वाढू शकते. विंडोजमध्ये फाइलसंख्येची मर्यादा दिसतच नाही, म्हणून तिथून कारण कळत नाही.

त्यांच्या फोल्डरात डीयू --आयनोड्स चालवा, कुठल्या डिरेक्टरीत गर्दी आहे ते कळेल. बहुधा थंबनेल, कॅश, नाहीतर फॉन्टांचे उघडलेले गठ्ठे निघतात. पण खरं सांगायचं तर २०,००० ही मर्यादाच कंजूषपणाची आहे. एक्स्ट४ नेहमीच्या पद्धतीनं बनवली असेल तर दर १६ केबीमागे एक आयनोड असतो, २ टीबीवर ते १२ कोटींहून जास्त होतात. माणशी २ लाख द्या, काही बिघडत नाही. आयनोडची मर्यादा असते ती एखादी बिथरलेली स्क्रिप्ट लाखो फाइली पाडू लागली तर अडवायला, रोजच्या कामाला लगाम घालायला नव्हे.

तिसऱ्याचं उत्तर बहुतेक सांबाच्या रिसायकल मॉड्यूलमध्ये आहे. 'व्हीएफएस ऑब्जेक्ट्स'च्या ओळीत रिसायकल असेल तर डिलीट केलेली फाइल त्याच शेअरमधल्या लपलेल्या .रिसायकल फोल्डरात जाते. डिस्क तीच, मालक तोच, मग आकडा हलणार कसा? ती साफ करायला क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्रॅम) फाइंड लावाल तेव्हा -एमटाइम (मजकूर शेवटचा बदलल्याची वेळ) वापरू नका. २ वर्षांपूर्वीचा फोटो आज डिलीट झाला तरी त्याची एमटाइम २ वर्षांपूर्वीचीच राहते, म्हणजे आज टाकलेला रात्रीतच उडेल आणि रिसायकल ठेवून उपयोग काय? -सीटाइम +७ द्या. फाइल हलवली की सीटाइम बदलते, त्यामुळे टोपलीत पडल्यापासूनचे दिवस मोजले जातात.

रिसायकल लावलेलंच नसेल तर एलएसओएफ +एल१ (कॅपिटल एल) बघा. डिलीट झालेली पण कुठल्या तरी प्रोसेसनं उघडी धरलेली फाइल क्वोटात मोजली जातच राहते.

दांडियाबाजार:

तिन्ही निदानं बरोबर निघाली, धन्यवाद. रिसायकलमध्ये ६३ जीबी पडले होते, सगळ्यांचे मिळून.

आता पुढचा पेच. फोटोच्या फोल्डरात डिझाइनवालेही रिटच केलेल्या फाइली टाकतात आणि त्या तिथेच राहायला हव्यात. उलट फोटोवाले दुसरीकडून एमव्ही करून (हलवून) आणलेलं सामान जुन्याच ग्रुपचं राहतं. मला खरं तर माणसं किंवा ग्रुप नकोच आहेत, 'हा फोल्डर ८०० जीबीच्या वर जाता कामा नये' एवढंच हवंय.

मांडवी:

मग तुम्हाला प्रोजेक्ट क्वोटा हवाय. तो फोल्डराच्या झाडाला एक नंबर चिकटवतो आणि मालक कुणीही असो, ग्रुप कुठलाही असो, त्या नंबराखालचं सगळं एकत्र मोजतो. एक्स्ट४ मध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.५ पासून आहे, उबुंटू २२.०४ ला काही प्रश्न नाही.

डिस्क अनमाउंट करावी लागते, म्हणून रविवार बघा. आधी रेपक्वोटाचं पूर्ण आउटपुट, यूझर आणि ग्रुप दोन्ही, दुसऱ्या डिस्कवरच्या फाइलीत वाचवून ठेवा. सांबा थांबवा, क्वोटाऑफ, अनमाउंट, ई२एफएससीके -एफ (फाइलसिस्टिमची तपासणी). ट्यून२एफएस -एल नं आयनोड साइज २५६ आहे याची खात्री करा, १२८ च्या जुन्या फाइलसिस्टिमवर प्रोजेक्ट बसत नाही. मग ट्यून२एफएसला -ओ (कॅपिटल) प्रोजेक्ट,क्वोटा आणि -क्यू (कॅपिटल) यूएसआरक्वोटा,जीआरपीक्वोटा,पीआरजेक्वोटा. एफस्टॅबमध्ये पहिल्या दोन ऑप्शनांशेजारी पीआरजेक्वोटा लिहा. ते ऑप्शन काढू नका: काढले तर मोजणी चालू राहते, पण अडवणूक होत नाही, आणि मग तुम्ही आठवडाभर लिमिट का लागत नाही म्हणून डोकं खाजवाल.

याचा आणखी एक फायदा आहे. आत्ता तुमचे आकडे डिस्कच्या मुळाशी असलेल्या एक्वोटा.यूझर आणि एक्वोटा.ग्रुप या साध्या फाइलींत आहेत. लाइट गेली, यूपीएस दमला आणि सर्व्हर धाडकन बंद पडला की त्या फाइली आणि खरी डिस्क यांचा मेळ तुटू शकतो. मग पुन्हा क्वोटाचेक, तोही फाइलसिस्टिम कुणी वापरत नसताना. चालू सांबावर -एम देऊन जबरदस्ती केली तर आकडे चुकीचे येतात. क्वोटा फीचर चालू केलं की हिशेब लपलेल्या आयनोडांत, जर्नलच्या (फाइलसिस्टिमची बदलांची नोंदवही) छत्राखाली राहतो आणि क्वोटाचेक विसरायला मोकळे.

माउंट झाल्यावर फोटोच्या फोल्डराला नंबर द्या, समजा १०१. सीएचएटीटीआर -आर (कॅपिटल) -पी १०१ हे सगळ्या झाडावर. त्यानंतर +पी (हा कॅपिटल) फक्त डिरेक्टऱ्यांवर, पुन्हा फाइंड -टाइप डी नं. +पी म्हणजे 'आत जे येईल त्याला माझाच नंबर'. तो साध्या फाइलींवर लावायला गेलं की चटकन एरर येते आणि लोक समजतात की पूर्ण गोष्टच फसली. मग सेटक्वोटा -पी (कॅपिटल) १०१, सॉफ्ट ७५० जीबी, हार्ड ८०० जीबी, ० ०, /डेटा. बघायला रेपक्वोटा -पी (कॅपिटल), आणि गंमत म्हणजे त्या फोल्डरात डीएफ (मोकळी जागा दाखवणारी कमांड) मारलं तरी २ टीबी न दिसता सॉफ्ट मर्यादेएवढी, ७५० जीबीचीच डिस्क दिसते.

एमव्हीचा पेचही सुटतो. वेगळ्या नंबराच्या फोल्डरातून इथे एमव्ही केलं तर कर्नल नुसतं नाव बदलू देत नाही, एमव्ही आपोआप कॉपी करून जुनं पुसतो. डिस्क एकच असून ४० जीबी हलवायला वेळ का लागतो असं कुणी विचारलं तर हे कारण.

आता हिशेब. २ टीबीची डिस्क लिनक्सला सुमारे १८६२ जीबी दिसते. आयनोड टेबलं २९ जीबीच्या आसपास खातात आणि रूटसाठी ५ टक्के, म्हणजे ९३ जीबी राखीव, उरले साधारण १७४०. फोटो ८००, डिझाइन ५००, हिशेब ५० असे प्रोजेक्ट करा, १३५० झाले. घरच्या फोल्डरांना १८ गुणिले २० म्हणजे ३६०. एकूण १७१०, बसतं, पण अगदी काठावर. नुसत्या डेटा डिस्कला ५ टक्के राखीव लागत नाहीत, ट्यून२एफएस -एम १ करून घ्या, ७० हून जास्त जीबी मोकळे होतील.

घरच्या फोल्डरांवरून एक गोष्ट: तुमची ती माणशी २० जीबीची यूझर मर्यादा काढून टाका. यूझर क्वोटा फोल्डर बघत नाही, पूर्ण /डेटा वरचं त्या माणसाच्या मालकीचं सगळं मोजतो. डिझायनरनं फोटोच्या फोल्डरात टाकलेल्या रिटच फाइलीही त्याच्या २० जीबीतूनच जातात. यूझर आणि प्रोजेक्ट दोन्ही लावले तर जी आधी संपेल ती मर्यादा अडवते. त्यापेक्षा प्रत्येक घराला आपापला प्रोजेक्ट नंबर द्या.

लहरीपुरा:

ग्रेसबद्दल (सॉफ्ट ओलांडल्यावरची सवलतीची मुदत) दोन शब्द, नाहीतर नवरात्राच्या तोंडावर फोन सुरू होतील. सॉफ्ट ओलांडल्यापासून ७ दिवस मिळतात. त्या मुदतीत खाली आलं नाही तर ८ व्या दिवशी सॉफ्टच हार्डसारखी वागते: ७५१ जीबीवर असाल तरी एक अक्षर लिहिता येत नाही, ८०० पर्यंतची जागा नुसती बघायची. सीझनसाठी एडक्वोटा -पी (कॅपिटल, प्रोजेक्टसाठी) -टी नं २१ दिवस करायचे असतील तर आत्ताच करा. ज्यांचं घड्याळ आधीच चालू झालंय त्यांची मुदत यानं बदलत नाही, त्यांना कॅपिटल -टी नं एकेकट्याला वाढवून द्यावी लागते.

दांडियाबाजार:

रविवारी झालं. फक्त एक शंका: चाचणी म्हणून हिशेबच्या फोल्डरात ६० जीबीची फाइल केली, ५० ची मर्यादा असून झाली.

सूरसागर:

सुडो लावून, म्हणजे रूट होऊन केलीत ना? रूटला कुठलीच मर्यादा लागत नाही. सुडो -यू नं हिशेबातल्या एखाद्याच्या नावानं एफअलोकेट -एल ६०जी करून (म्हणजे तेवढी फाइल बनवून) बघा, 'डिस्क क्वोटा एक्सीडेड' येईल. आणि ती आधीची ६० जीबीची फाइल आत्ताच पुसा, ती हिशेबच्याच खात्यावर आहे. ती असेपर्यंत त्या फोल्डरात कुणाचंही बिल सेव्ह होणार नाही.