बारशाचे नवे कपडे बाळाला घालण्याआधी धुवावेत का?

प्रश्न : आत्याबाई

माझ्या भावाला मुलगी झाली असून येत्या रविवारी बारसे आहे. आत्या या नात्याने मी झबली, टोपडी, लंगोट, दोन दुपटी आणि एक खणाची कुंची घेतली आहे. हे सर्व कपडे एकदा धुऊन मगच बाळाच्या अंगाला लागावेत, असे वहिनीचे म्हणणे आहे. आईचे मत मात्र वेगळे आहे. शुभकार्यात कोरेच वस्त्र वापरावे, पाण्यातून काढलेल्या वस्त्राचे नवेपण जाते, असे ती मानते. मला दोघींचेही मन राखायचे आहे, परंतु त्यापायी बाळाला त्रास होता कामा नये.

बंद पाकिटातून आलेले कपडेही धुणे खरोखर आवश्यक असते का? नव्या कापडाला जो उग्र वास येतो तो कशाचा असतो? धुवायचे झाल्यास कशाने धुवावेत? शिवाय भावाच्या लहानपणीची काही झबली आईने डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत जपून ठेवली आहेत. तीही वापरावीत अशी तिची फार इच्छा आहे.

प्रतिसाद : इचलकरंजीकर

ताई, कपडे अवश्य धुवावेत. बंद पाकीट बाहेरची धूळ अडवते, पण कारखान्यात कापडावर जे चढते ते पाकिटात कापडासोबतच बंद होते. मी कापड प्रोसेसिंगच्या व्यवसायात आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मागावर विणायच्या कापडात ताण्याचे म्हणजे उभे सूत तुटू नये म्हणून त्याला खळ दिली जाते. आमच्याकडे या कामाला सायझिंग म्हणतात. पुढे ती खळ काढून कापड ब्लीच करतात, रंगवतात आणि शेवटी फिनिशिंग करतात. आपली झबली होजिअरीची असतील तर त्यांना खळ नसते, पण विणाईच्या यंत्राचे तेल, सुताला लावलेले मेण आणि स्पर्श मऊ लागावा म्हणून दिलेले सॉफ्टनर यांचा अंश त्यांत राहू शकतो. वास येतो तो बहुधा या फिनिशिंगच्या द्रव्यांचा आणि पाकिटाच्या प्लास्टिकचा.

रंगाची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सुती कापडासाठी आज प्रामुख्याने रिॲक्टिव्ह रंग वापरतात. ते सुताशी रासायनिक बंध जोडतात, मात्र रंगाचा काही भाग सुताऐवजी पाण्याशीच संयोग पावतो आणि कापडात नुसता अडकून राहतो. तो काढण्यासाठी उकळत्या पाण्यात साबणाच्या धुलाया द्याव्या लागतात. त्यात पाणी, वाफ आणि वेळ खर्च होतो, आणि जिथे खर्च वाचवायचा असतो तिथे पहिली कात्री याच टप्प्याला लागते, हे मला खेदाने लिहावे लागते. परीक्षा घरीही करता येते. पांढरा सुती रुमाल ओला करून पिळावा आणि कपड्याच्या आतल्या शिवणीवर दाबून दहा-बारा वेळा घासावा. रुमालावर रंग उतरला तर तो कपडा वेगळा धुवावा, आणि दोन-तीन धुण्यांनंतरही रंग येत राहिला तर तो बाळासाठी वापरू नये. मिठाच्या पाण्याने असा रंग पक्का होत नाही. जो सुटा आहे तो निघून जाऊ देणेच योग्य.

तिसरी बाब सुरकुत्या न पडणाऱ्या कापडाची. या फिनिशसाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक रेझिनांतून, म्हणजे राळेसारख्या द्रव्यांतून, फॉर्मल्डिहाइड हे त्वचेला त्रासदायक रसायन सुटते. जपानने १९७३ च्या कायद्याखाली यावर मर्यादा घातली असून, तिथे २४ महिन्यांपर्यंतच्या बाळांच्या कपड्यांत ते जवळजवळ नसावेच, म्हणजे १६ पीपीएमच्या (दहा लाख भागांत १६ भागांच्या) आत असावे, आणि मोठ्यांच्या अंतर्वस्त्रांत ७५ पीपीएमपेक्षा जास्त नसावे असा दंडक आहे. सुटे फॉर्मल्डिहाइड पाण्यात विरघळते, त्यामुळे एका धुण्यानेही ते बरेच कमी होते. रेझिनातून ते पुढेही थोडे थोडे सुटत राहते, म्हणून बाळासाठी असे कापड घेऊच नये.

प्रतिसाद : त्वचारोगतज्ज्ञ

वरील माहितीशी मी सहमत आहे. नवजात बाळाची त्वचा पातळ असते आणि ते दिवसभर कपड्यात गुंडाळलेले असते, त्यामुळे कपड्यातील द्रव्यांशी त्याचा संपर्क आपल्यापेक्षा जास्त काळ राहतो. मात्र धुताना जो साबण वापरतो त्याचा अंश कापडात राहिला तर तोही तितकाच त्रासदायक ठरतो. सौम्य, सुगंध नसलेला साबण थोडाच घ्यावा, स्वच्छ पाण्यातून दोनदा खळबळून काढावे आणि कडक उन्हात पूर्ण वाळवावे. जंतुनाशक द्रव आणि सॉफ्टनर दोन्ही टाळावेत.

आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे मात्र सर्वांत आधी लक्ष द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. डांबराच्या गोळ्यांमध्ये नॅप्थलीन असू शकते. काही बाळांमध्ये जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते आणि अशा बाळाच्या शरीरात नॅप्थलीन श्वासावाटे किंवा त्वचेतून गेल्यास तांबड्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. नवजात बाळाच्या मेंदूला अशा काविळीपासून कायमची इजा होण्याची भीती असते. ही कमतरता बाळाकडे पाहून ओळखता येत नाही आणि पुष्कळ घरांत तिची तपासणीही झालेली नसते. ट्रंकेतील झबली सध्या वापरू नयेत आणि ती बाळाच्या खोलीतही ठेवू नयेत. नव्या कपड्यांच्या कपाटात अशा गोळ्या असतील तर त्याही काढून टाकाव्यात.

मोठ्या माणसांच्या बाबतीत प्रत्येक नवा कपडा धुतलाच पाहिजे, असे मी म्हणणार नाही. अंगाला थेट लागणारे, घाम शोषणारे कपडे धुवावेत. सदऱ्यावरून घालायच्या कोटासाठी तशी निकड नाही. गडद निळ्या किंवा काळ्या पॉलिस्टरमधील काही डिस्पर्स रंगांची (पॉलिस्टर रंगवण्याच्या रंगांची) ॲलर्जी असणाऱ्यांना काखेच्या कडेने, कमरपट्ट्याखाली आणि मांड्यांच्या आतल्या बाजूस पुरळ येते. काखेचा खोलगट भाग बहुधा मोकळा राहतो, आणि डिओडरंटमुळे आलेल्या पुरळापासून ते वेगळे ओळखण्याची ही एक खूण आहे. त्यांना कपडा धुऊन फारसा उपयोग होत नाही, तो सोडूनच द्यावा लागतो.

प्रतिसाद : जुनी पेठ

आईंचे म्हणणे अव्हेरू नये, परंतु शास्त्र त्यांच्या समजुतीइतके कडक नाही हे त्यांना प्रेमाने सांगता येईल. धर्मकार्यासाठी सांगितलेल्या अहत वस्त्राचे एक परिचित वर्णन ‘थोडेसे धुतलेले, नवे, पांढरे, दशा (काठाचे सुटे धागे) असलेले आणि कोणी न नेसलेले’ असे आहे. म्हणजे वस्त्र कोणी वापरलेले नसणे याला महत्त्व आहे, आणि थोडे धुणे तर त्या वर्णनातच आले आहे. आमच्या घरी नवे झबले धुऊन, वाळवून, घडी घालून देवापुढे ठेवत आणि कोपऱ्याला कुंकवाचे बोट लावून मगच बाळाला घालत. बारशापर्यंत तर बाळाला नवे कापड लावतच नसत. आजीच्या अनेकदा धुतलेल्या लुगड्याची मऊ दुपटी तेवढी वापरत.

आत्याबाई

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ट्रंकेतील झबली वापरायची नाहीत हे आईला लगेच सांगितले आणि तिने ते ऐकले. धुतलेल्या कपड्यांना कुंकू लावायची कल्पनाही तिला पटली. आता कुंचीचा प्रश्न उरतो. खणाला जरीसारखा काठ आणि वर लेस आहे. ती पाण्यात घालण्याचा धीर होत नाही.

प्रतिसाद : इचलकरंजीकर

ती पाण्यात घालू नये. काठ आक्रसला तर कुंची वेडीवाकडी होईल आणि खणाच्या गडद रंगाचीही खात्री देता येत नाही. तिला आतून मलमलीचे अस्तर लावून घ्यावे, आणि ते मलमल आधी धुऊन वाळवून मगच बेतावे, नाहीतर पुढे ते आटेल आणि वरचा खण चुण्या धरील. लेसचे टोक किंवा शिवणीचा दोरा मानेला टोचत नाही ना, हे आतून बोट फिरवून पाहावे. बाळाला प्रथम धुतलेले सुती टोपडे घालून त्यावर कुंची घालावी आणि नाव ठेवून झाल्यावर लगेच काढावी, कारण या दिवसांत खणाच्या कापडात बाळाला फार उकडते.