बाईंना नाताळची भेट: दहा-पंधरा डॉलरांत काय द्यावं?

सोमवार, रात्री 10:40
प्रेषक: पहिलीतल्या मुलीची आई, श्रूजबरी

नमस्कार मंडळी,

ऑगस्टमध्ये पुण्याहून इकडे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्सला आलो. मराठी मंडळाच्या या ईमेल लिस्टवर रोज वाचते, लिहितेय पहिल्यांदाच.

नाताळच्या सुट्टीला दोन आठवडे उरलेत आणि बस स्टॉपवर उभ्या असणाऱ्या सगळ्या आया 'टीचर गिफ्ट'बद्दलच बोलतायत. मला काहीच अंदाज नाही. आपल्याकडे 5 सप्टेंबरला गुलाबाचं फूल, फार तर एक पेन, की झाला शिक्षक दिन. इथे काय देतात? माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नाही, घरात एकच पगार आहे, त्यामुळे पंधरा डॉलरच्या वर जायचं नाही. त्यात बाईंच्या हाताखाली एक मदतनीसही आहेत, त्यांनाही काहीतरी द्यायला हवं ना?

उगाच औपचारिकता म्हणून द्यायचं नाहीये. लेकीच्या नावात 'ज्ञ' आहे. इंग्रजीत तो जे-एन असा लिहिलेला, म्हणजे इथे कुणी 'जान' म्हणतं, कुणी 'जिना'. दिल्लीच्या शेजारीणबाई 'ग्य' म्हणतात, तो तर आणखी वेगळाच प्रश्न. बाईंनी पहिल्या आठवड्यात मला फाटकाशी थांबवलं, "पुन्हा म्हणा, हळू म्हणा," असं चार वेळा म्हणायला लावलं आणि हातातल्या यादीवर पेन्सिलीने डी-एन-वाय लिहून घेतलं. तेव्हापासून नीट हाक मारतात. आधी लेक शाळेत नाव विचारलं की गप्प बसायची.

दुकानात 'बेस्ट टीचर' लिहिलेला मग बारा डॉलरला बघितला. शिवाय येताना तुळशीबागेतून पैठणीच्या काठाचे चार बटवे आणले होते, ते आहेत. काय करू?


सोमवार, रात्री 11:15
प्रेषक: दोन मुलांचा बाबा

मग सोडून काहीही द्या!

गंमत नाही करत. आपल्याकडे संक्रांतीच्या वाणाचं जे होतं तेच यांच्या मगांचं होतं. आमच्या आईकडे एका वर्षी प्लॅस्टिकची सात गाळणी जमली होती, सगळी पोपटी. पुढल्या वर्षी तिनेही गाळणीच लुटली, तीच. बाईंच्या वर्गात वीस-बावीस मुलं, दरवर्षी. मग, सुवासिक मेणबत्त्या, हाताला लावायचं लोशन आणि नाताळच्या झाडावर टांगायचे सफरचंदाच्या आकाराचे गोळे, यांचं कपाट भरलं असणार. मेणबत्त्यांची यँकी कँडल आपल्याच राज्यातली कंपनी असली म्हणून काय झालं.

आमचं गणित सांगतो. धाकट्याच्या बाई, मदतनीस, बसचे ड्रायव्हर. मोठा सातवीत, त्याला सहा विषयांचे सहा शिक्षक. सगळ्यांना काही देत बसलो तर शंभरी सहज ओलांडते. म्हणून प्राथमिकच्या बाईंना दहा डॉलरचं गिफ्ट कार्ड (दुकानात तेवढ्याची खरेदी करता येते), मदतनिसांना आणि ड्रायव्हरकाकांना पाच-पाचचं, आणि मोठ्याच्या शिक्षकांना फक्त त्याने स्वतः लिहिलेली ईमेल. ती लिहून घ्यायला मला किती दिवस लागतात हा वेगळा विषय आहे.


मंगळवार, सकाळी 7:05
प्रेषक: लेक्सिंग्टनच्या काकू

अगं, एवढा विचार कशाला करतेस? घरचं काहीतरी दे. आम्ही आलो तेव्हा कुठे होती गिफ्ट कार्डं? मी दरवर्षी पातळ पोह्यांचा चिवडा आणि शंकरपाळी पाठवायचे, छान डब्यात भरून, रिबीन बांधून. बाई दुसऱ्या दिवशी रेसिपी विचारायच्या. पैशाने मोजलेलं ते काय द्यायचं!


मंगळवार, सकाळी 9:30
प्रेषक: दोन मुलांची आई (वरच्या बाबांची बायको, याच पत्त्यावरून)

काकू, तुमच्या चिवड्याला मंडळात तोड नाही, पण हे आता करू नका असं कळकळीने सांगते. आधी ज्या गावात राहत होतो तिथे मी हाच उद्योग केला होता. रात्री अकरापर्यंत चिवडा परतला, काचेच्या बरणीत भरला, वर लाल रिबीन. दुसऱ्या दिवशी बरणी दप्तरातून जशीच्या तशी परत. झाकणावर पिवळी चिठ्ठी: शेंगदाणे आणि काजू शाळेत चालत नाहीत, बरणी वर्गात उघडलेली नाही. दोन मुलांना जीवघेणी अ‍ॅलर्जी होती आणि वर्षाच्या सुरुवातीलाच पत्र आलं होतं, ते मी वाचलंच नव्हतं. चूक माझीच. पण मुलगा त्या दिवशी घरी येऊन बरणीकडे बघत म्हणाला, "आई, माझी गिफ्ट नापास झाली."

तूप-साखरेची शंकरपाळी दाण्यांशिवाय होते हे खरं. तरी अनोळखी घरातलं खाणं बाई खातीलच असं नाही. आपण तरी खातो का?


मंगळवार, दुपारी 3:50
प्रेषक: दुसरीच्या वर्गाला शिकवणारी, फ्रेमिंगहॅमजवळ

मधल्या सुट्टीत वाचत होते, आता मुलं गेली म्हणून लिहिते. इथल्या सरकारी शाळेत चौदा वर्षं शिकवतेय, तेव्हा टेबलाच्या पलीकडून सांगते.

पहिलं, काही दिलं नाही तरी कुणी मनात ठेवत नाही. खरंच. कुणी काय दिलं हे जानेवारीत मला आठवतही नाही.

द्यायचंच असेल तर संपणारं द्या. दहा डॉलरचं डंकिनचं, म्हणजे कॉफीच्या दुकानाचं, कार्ड उत्तम, कारण सकाळी सव्वासातला मी तिथेच रांगेत असते. (पहिलं डंकिन क्विन्सीत निघालं, 1950 साली. या राज्यात ते कुणाला गैरसोयीचं पडेल अशी जागाच नाही.) टार्गेट या मोठ्या दुकानाचंही चालतं. दुकानाचं कार्ड घ्या, बँकेचं नको, कारण बँकेच्या कार्डावर घेतानाच चार-पाच डॉलर वेगळे लागतात, दहा डॉलरच्या भेटीला ते परवडत नाहीत. आणि कार्ड वाया जाण्याची भीती नको, आपल्या राज्यात ते निदान सात वर्षं चालवावं लागतं, बाकी देशात निदान पाच.

कार्ड नको असेल तर वर्गात लागणारं द्या. सप्टेंबरात आलेला साठा नाताळापर्यंत संपतो. पांढऱ्या फळ्याची काळी मार्करं, डिंकाच्या कांड्या, टिश्यूचे खोके. आणि टोक काढलेल्या पिवळ्या पेन्सिली! टोक काढलेल्या म्हणतेय हं. वर्गातलं शार्पनर सुरू झालं की मला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. हे सगळं आम्ही पदरचे पैसे घालून आणतो. तेव्हा बारा डॉलरच्या मगापेक्षा बारा डॉलरच्या पेन्सिली मला केव्हाही प्रिय.

बटवा छान आहे, पण तो तुम्ही जिला ओळखता तिला द्या. मदतनिसांशी तुमचं रोज फाटकाशी बोलणं होत असेल तर त्यांना द्या, आत पाच डॉलरचं कॉफीचं कार्ड घालून.

कार्डावर 'मेरी ख्रिसमस' लिहायच्या आधी बाई नाताळ साजरा करतात का हे माहीत असू द्या. माझ्या शेजारच्या वर्गातल्या बाई ज्यू आहेत, त्यांना दरवर्षी सांताक्लॉजची नऊ-दहा कार्डं येतात. त्या हसून घेतात, पण 'हॅपी हॉलिडेज' लिहायला काय जातं?

आणि श्रूजबरीच्या ताई, तुम्ही तुमच्या मेलमध्ये भेट आधीच लिहून टाकली आहे. ती ज्ञची गोष्ट. तुम्ही नाही, लेकीला लिहू द्या, तिच्या स्पेलिंगमध्ये. 'यू आर द बेस्ट टीचर' हे वाक्य माझ्याकडे वर्षाला वीस वेळा येतं. नाव नीट शिकून घेतल्याबद्दल मला चौदा वर्षांत कुणी लिहिलेलं नाही. माझं स्वतःचं आडनाव शाळेत अजून कुणाला येत नाही, म्हणून जरा जास्तच लिहिलं.


मंगळवार, रात्री 9:20
प्रेषक: वेस्टबरोचे एक सभासद

वर्गाची मिळून वर्गणी काढतात त्याबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

राज्याच्या एथिक्स कमिशनचा (सरकारी नोकरांच्या वागणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या आयोगाचा) नियम आहे. सरकारी नोकराला, म्हणजे सरकारी शाळेतल्या शिक्षकांनाही, पालकाकडून 50 डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची भेट घेता येत नाही. सगळ्या वर्गाची म्हणून दिली तर शाळेच्या एका वर्षात 150 डॉलरपर्यंत चालते, पण अट अशी की ती फक्त 'वर्गाकडून' असावी. कुणी दिले, किती दिले, हे बाईंना कळता कामा नये.

आपल्या गणपतीच्या वर्गणीच्या बरोबर उलट! तिथे पावती फाडली की मांडवातल्या फळ्यावर नाव आणि आकडा. आमच्या एका रूम पेरेंटला (वर्गाची अशी कामं बघणाऱ्या पालकाला) बहुधा फळाच जवळचा वाटला असावा. काही वर्षांपूर्वी तिने ऑनलाइन तक्ता फिरवला, प्रत्येकाच्या नावापुढे रक्कम. कुणी 40, कुणी 25, मी 10. पुढे कहर म्हणजे कार्डावर फक्त पैसे दिलेल्या मुलांची नावं. तीन मुलांची नव्हती. त्यातल्या एकाचे वडील त्याच महिन्यात नोकरीवरून कमी झाले होते, हे आम्हा दोघांतिघांना माहीत होतं. मी तिला नियम दाखवला तर म्हणाली, तुम्ही फार मनाला लावून घेता. कार्ड तसंच गेलं.

तेव्हा वर्गणीचा मेल आला तर झेपेल तेवढे द्या किंवा देऊ नका. पण कार्डावर सगळ्या वर्गाची नावं आहेत का, एवढं मात्र विचारा.


बुधवार, सकाळी 6:50
प्रेषक: लेक्सिंग्टनच्या काकू

बरं बाई, चिवडा रद्द. मंडळाच्या कार्यक्रमाला आणेन, तिथे तरी चिठ्ठी लावू नका.

पण एक ऐक गं श्रूजबरीची. भेट शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस. इकडे सुट्टीच्या तोंडावर बर्फ पडला की शाळा बंद, आणि बाईंची भेट थेट जानेवारीत.


बुधवार, रात्री 10:05
प्रेषक: पहिलीतल्या मुलीची आई, श्रूजबरी

सगळ्यांचे मनापासून आभार! बाईंना दहाचं डंकिन आणि लेकीची चिठ्ठी, मदतनिसांना बटवा आणि पाचचं कार्ड. एकूण पंधरा, वर छदामही नाही. बारा डॉलरचा मग राहू दिला. काकू, तुमचं लक्षात ठेवते.


सोमवार (जानेवारी), रात्री 9:45
प्रेषक: पहिलीतल्या मुलीची आई, श्रूजबरी

काकू, लक्षात नाही ठेवलं.

लेकीला चिठ्ठी तीनदा लिहायची होती, म्हणून शेवटच्या दिवसावर गेलं. पहाटे साडेपाचला शाळेचा फोन: बर्फामुळे शाळा बंद. लिफाफे दोन आठवडे दप्तराच्या तळाशी, एका अर्ध्या केळ्यासोबत. बटवा वाचला, चिठ्ठीचा कोपरा नाही वाचला. आज दिले.

चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. इंग्रजीत, 'तुम्ही माझं नाव बरोबर म्हणता', आणि 'बरोबर'चं स्पेलिंग चूक. खाली जांभळ्या खडूने पानभर मोठा 'ज्ञ', कारण बाईंना खरा कसा असतो ते दाखवायचं होतं. बाईंनी तो चुंबकाने फळ्यावर लावलाय. वर्गात आता वाद चाललाय की हे चित्र कशाचं. एक मुलगा म्हणतो खुर्चीवर बसलेला माणूस, दुसरा म्हणतो हत्ती. लेक घरी येऊन म्हणाली की ती कुणालाच सांगणार नाहीये.

ता. क. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून काय लुटू? तीस बायका आहेत. गाळणी सोडून सांगा.


सोमवार, रात्री 9:58
प्रेषक: दोन मुलांचा बाबा

टोक काढलेल्या पेन्सिली.


सोमवार, रात्री 10:10
प्रेषक: लिस्ट सांभाळणारे

वाणासाठी कृपया नवीन मेल सुरू करा, सब्जेक्ट बदलून. हा धागा बंद करतोय.