टॅकिऑनवर सेमिनार द्यायचाय, सुरुवात कुठून करू?

आलेखवही:
नमस्कार. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकाशापेक्षा वेगवान कणांवर वीस मिनिटं बोलायचंय. यूट्यूबवर सगळीकडे कालप्रवासच चाललाय. आइन्स्टाइनची विशेष सापेक्षता शिकून झाली आहे. काय वाचू?

जुना मास्तर:
अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समधला बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन यांचा १९६२चा लेख मिळव. तुला नक्की झेपेल. ‘टॅकिऑन’ हे नाव मात्र त्यात शोधू नकोस, ते जेराल्ड फाइनबर्गनी १९६७मध्ये वापरलं.

त्याआधी एक गणित स्वतःच्या हातानं कर. सापेक्षतेच्या ऊर्जेच्या सूत्रात, E = mc²/√(1 − v²/c²), छेदात वर्गमूळ आहे ना, तिथे प्रकाशाच्या दुप्पट वेग घाल. मुळाखाली उणे ३ येतात. ऊर्जा वास्तव राहायची तर वस्तुमान काल्पनिक संख्या (जिचा वर्ग ऋण येतो) घ्यावं लागतं. आता वेग पाचपट कर: दुप्पट वेगाच्या मानानं ऊर्जा जवळपास एक तृतीयांश उरते! म्हणजे ऊर्जा गमावली की हा कण आणखी सुसाट सुटतो. त्याला प्रकाशाच्या वेगापर्यंत खाली आणायला अनंत ऊर्जा लागते. हे फळ्यावरच कर, स्लाइडवर नको.

तिरकीरेघ:
सरांशी सहमत, पण खरी मेख कार्यकारणभावात आहे. दुप्पट वेगाचा टॅकिऑन घे आणि त्याच दिशेनं ०.६ प्रकाशवेगानं जाणारा निरीक्षक. लॉरेंट्झ रूपांतर, म्हणजे एका निरीक्षकाचं स्थळ-काळाचं मोजमाप दुसऱ्याच्या मोजमापात बदलणारं सूत्र, लाव. तुझ्या घड्याळात प्रवासाला १ सेकंद लागला असेल, तर त्याच्या हिशोबात उणे पाव सेकंद येतो. कण निघायच्या आधीच पोचला!

यावर सुदर्शन आणि मंडळींचं उत्तर असं: ऋण ऊर्जेचा कण काळात मागे जातोय असं दिसलं, तर तो धन ऊर्जेचा कण उलट दिशेनं पुढे जातोय असं वाचा. युक्ती देखणी आहे. मला ती पुरेशी वाटत नाही, कारण निरोप कुणी धाडला हेच निरीक्षकागणिक बदलायला लागतं. वर्गात यावर वाद होऊ दे, त्यासाठी पाच मिनिटं राखून ठेव.

आलेखवही:
उणे पाव सेकंद आत्ताच काढून पाहिला, बरोबर आला! २०११चा न्यूट्रिनो या अतिहलक्या कणांचा प्रयोग घेऊ का?

जुना मास्तर:
दोन वाक्यांत घे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेहून इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेपर्यंत सुमारे ७३० किलोमीटर, न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचल्यासारखे दिसले. मुख्य दोष निघाला नीट न बसलेल्या ऑप्टिकल फायबरच्या जोडणीत. टॅकिऑन आजवर सापडलेला नाही, हे पहिल्याच मिनिटाला सांग.