मदत हवी आहे: केंटमधील ट्यूडली चर्च आणि सिसिंगहर्स्ट बागेची एकदिवसीय सहल

नमस्कार मंडळी. जूनच्या अखेरीस लंडनहून आमच्या गटातील २२ जणांना, ज्यांत सत्तरी ओलांडलेले सहा ज्येष्ठ आहेत, घेऊन केंटमध्ये दिवसभराची सहल काढायचा विचार आहे. तिथे गटाने जाऊन आलेल्यांचा सल्ला हवा आहे.

सकाळी टनब्रिजजवळच्या ट्यूडली गावातील ऑल सेंट्स चर्च पाहायचे आहे. १९६३ साली समुद्रात बुडून मरण पावलेल्या एका तरुणीच्या स्मरणार्थ प्रसिद्ध चित्रकार मार्क शागाल यांनी पूर्वेची रंगीत काचेची खिडकी केली, ती १९६७ मध्ये बसवली गेली आणि पुढे सर्वच्या सर्व बारा खिडक्या त्यांच्याच झाल्या. मी एकदा एकटीच गेले होते. निळ्या लाटांत तरंगणारी ती मुलगी आणि वर ख्रिस्ताकडे जाणारी शिडी पाहताना बाकावरून उठवेना. काचेतला निळा रंग माझ्या हातांवर उतरला होता. तोच अनुभव आईबाबांच्या वयाच्या मंडळींना मिळावा, ही मनापासून इच्छा आहे.

गाव लहान आहे, म्हणून मोठी बस चर्चपाशी थांबू शकते का आणि जवळ स्वच्छतागृहाची सोय आहे का, हे कृपया कळवावे. दुपारी लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांच्या सिसिंगहर्स्टच्या बागेत जाऊ. तिथल्या मनोऱ्याच्या ७८ पायऱ्या ज्येष्ठांनी टाळाव्यात हे उघडच आहे, पण पांढऱ्या फुलांच्या बागेपर्यंत चाकाची खुर्ची सहज नेता येते का? घरचे डबे कुठे बसून खाता येतील, तेही सांगावे.